वस्तऱ्याची खाच आणि दोषनिवारणाचा प्रश्न

ब्रह्मसूत्राच्या समन्वयाधिकरणावरील भाष्यात शंकराचार्यांनी संस्काराची, म्हणजे वस्तू शुद्ध करणाऱ्या क्रियेची, दोन रूपे मानली आहेत: वस्तूत नसलेला गुण तिच्यात घालणे किंवा तिच्यातला दोष दूर करणे. तेथेच पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे खंडनासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मत म्हणून, घासल्यावर उजळणाऱ्या आरशाचा दृष्टांत येतो. आत्मा कोणत्याही क्रियेचा विषय होऊ शकत नाही, या उत्तराने आचार्य तो आत्म्यापुरता बाजूला सारतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या चित्ताची शुद्धी कर्माने होते असे तेही मानतात, त्या चित्ताला तरी आरशाचा दृष्टांत पुरतो का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या दुर्गम मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. त्या धारेला खाच पडली तर ती दुरुस्त कशी होते, हे पाहिले म्हणजे आरशाच्या दृष्टांताची मर्यादा स्पष्ट होते. आरशावरचा मळ ही बाहेरून येऊन बसलेली वस्तू आहे आणि म्हणून ती काढता येते. खाच मात्र अभाव आहे, आणि अभाव काढून टाकता येत नाही. गळून पडलेला पोलादाचा कण परत बसवण्याचीही सोय नसते. म्हणून कारागीर पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून, म्हणजे दोन्ही बाजूंमधला सुमारे 16 ते 18 अंशांचा कोन न बिघडवता, पाते घासत जातो आणि खाचेच्या तळापर्यंतचे सगळे निर्दोष पोलाद झिजवून टाकतो. आरंभी सुमारे 1000 क्रमांकाचा जाडा दगड वापरतात, मग 4000 आणि 8000 क्रमांकांचे बारीक दगड, आणि शेवटी पाठ पुढे ठेवून पाते चामड्याच्या पट्ट्यावर ओढतात. या श्रमाच्या अखेरीस जी धार मिळते ती जुनी नसते, कारण ती जेथे उभी राहते तेथे पूर्वी धार नव्हतीच, आणि पातेही पहिल्याइतके रुंद उरत नाही.

नैयायिकांनी प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव, सादि पण अनंत मानला आहे: त्याला आरंभ असतो, शेवट नसतो. या मताने त्या कणाचा अभाव दुरुस्तीनंतरही कायमच असतो. नाहीशी होते ती शेजारच्या अखंड भागाशी असलेली त्याची विषमता, आणि ती नाहीशी होते अखंड भागानेच स्वतःचा अंश सोडल्यामुळे.

चित्ताच्या दोषांतही हा भेद करावा लागतो. काही दोष मळासारखे वर बसलेले असतात आणि विवेकाने निघतात. पण व्रतभंग किंवा विश्वासघात यांनी माणसाच्या ठिकाणी जे घडते ते खाचेसारखे असते, आणि तेथे झाकलेले तेज उघडे करण्याची भाषा अपुरी, किंबहुना फसवी ठरते. खाच जाते ती निर्दोष अंश सोडल्यानेच, हे तत्त्व धर्मशास्त्रकारांनी सिद्धांतरूपाने मांडले नसले तरी प्रायश्चित्तांच्या रचनेत ते दिसते. चांद्रायण व्रतात चंद्राच्या कलांबरोबर घास एकेकाने वाढतात वा घटतात आणि अमावास्येला पूर्ण उपवास असतो. या व्रतात सोडलेले अन्न निषिद्ध नसते आणि मूळ पापाशी त्याचा काही संबंधही नसतो; खाचेभोवतीच्या पोलादाप्रमाणे येथेही निर्दोष तेच सोडले जाते. म्हणून अशा दोषांपासून होणाऱ्या चित्तशुद्धीचे वर्णन करताना आरशापेक्षा वस्तऱ्याचा दृष्टांत अधिक खरा मानला पाहिजे.