चाकरी आणि पातक

निफाड तालुक्यातील अहेरगावी १८१८ साली इंग्रजी फौजेने ज्यास कैद केले, तो त्रिंबकजी डेंगळे दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या पदरी जासुदाच्या हलक्या नोकरीतून चढत चढत मुख्य कारभाऱ्याच्या अधिकारास पोहोचला होता. आणि धन्याची इच्छा हुकूम सुटण्यापूर्वीच ओळखून ती तडीस नेण्याची जी विलक्षण तत्परता त्याच्या उत्कर्षास कारण झाली, तीच त्याच्या नाशासही झाली. जुलै १८१५ मध्ये, इंग्रजांच्या हमीवर आलेले बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरासारख्या क्षेत्री खून झाला आणि आळ त्रिंबकजीवर आला. उघड न्यायासनापुढे तो शाबीत झाला नाही, हे न्यायबुद्धीने नमूद केलेच पाहिजे. बाजीरावाने काही काळ टाळाटाळ केली, आणि मग पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या धाकाने आपल्या या एकनिष्ठ सेवकास इंग्रजांच्या हवाली केले. ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ साली तो निसटला, त्याने पुन्हा माणसे जमविली. पण राज्यच बुडाले.

आळ खरा धरला, तर धन्याकरिता केलेल्या कृत्याचे पातक कोणाच्या माथी? करणाऱ्याबरोबर करविणाऱ्यासही आपल्या धर्मविचाराने भागीदार मानले आहे खरे. परंतु भागीदार वाढल्याने पापाचा वाटा घटतो, असे मला मुळीच वाटत नाही. खाल्ल्या मिठास जागणे हा सद्गुण खरा, पण ‘हे माझ्याने होणार नाही’ असे धन्यास तोंडावर सांगण्याचे सामर्थ्य ज्या निष्ठेत नाही, ती निष्ठा सेवकाचा विवेक गहाण टाकते. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणेही चाकरच होते. नाशिकजवळच्या आनंदवल्लीशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या राघोबादादास, म्हणजे याच बाजीरावाच्या पित्यास, पुतण्या नारायणराव पेशव्याच्या वधाबद्दल देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले आणि पदाचा त्याग केला. रामशास्त्री आणि त्रिंबकजी, दोघांनीही अन्न एकाच सरकारचे खाल्ले होते.

दैवाचा न्याय तरी सर्वत्र सारखा कोठे आहे? रुमानियात १ जून १९४६ रोजी तेथील युद्धकाळचा हुकूमशहा मार्शल आंतोनेस्कु आणि त्याचा परराष्ट्रमंत्री मिहाई आंतोनेस्कु, म्हणजे धनी आणि चाकर, या दोघांसही एकाच दिवशी गोळ्या घातल्या गेल्या. आपल्याकडे बाजीराव सालिना आठ लक्षांचा तनखा घेऊन १८५१ पर्यंत ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, राहिला. त्रिंबकजी १८२९ साली चुनारच्या किल्ल्यात, कैदेतच मरण पावला.