स्वतःला वगळून मोजलेली गर्दी

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी आम्ही घरची मंडळी कुंटाल्याच्या धबधब्यावर गेलो होतो. नेरडीगोंड्याच्या वाचकांना या स्थळाची ओळख करून देण्याची गरज नाही. कडम नदीचे पाणी जिथे जवळजवळ दीडशे फूट खाली झेपावते, ती जागा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. नाव शकुंतलेवरून आले म्हणावे, की तेलुगूतल्या तळेवाचक ‘कुंटा’ या शब्दावरून, हा वादही आपल्या ओट्यांवर अनेकदा रंगला आहे. त्या रविवारी मात्र मोटारींची रांग दूरवर लागली होती आणि चारशेहून अधिक पायऱ्या उतरताना पाण्याच्या आवाजापेक्षा माणसांचा आवाज मोठा होता. वर आल्यावर एक वृद्ध गोंड बाई निखाऱ्यांवर मक्याची कणसे भाजत बसल्या होत्या. त्यांच्यापाशी आम्ही कुरकुरलो, “काय ही गर्दी! पूर्वी इथे चिटपाखरूही नसायचे.” हातातला पंखा न थांबवता त्या म्हणाल्या, “तुम्ही बी तं रविवारीच आलात की, दादा.”

त्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. परतीच्या वाटेवर विचार करताना ध्यानात आले की ‘गर्दी’ हा शब्द आपण नेहमी दुसऱ्यांविषयी वापरतो. ‘फार गर्दी होती’ असे आपण म्हणतो. ‘आम्ही गर्दी केली’ असे कोणी सांगत नाही. मोजणारा स्वतःला वगळून मोजतो. मग प्रश्न असा उरतो की, जे स्थळ सर्वांनाच हवेसे वाटते ते आपल्याला मात्र निवांत लाभावे, ही इच्छा रास्त आहे काय? आणि रास्त असेल, तर त्या निवांतपणाची किंमत कोणी मोजायची?

हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम उभा राहिला तो इथे नव्हे, तर फार दूर, इटलीतल्या व्हेनिस नगरीत. आमची मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असल्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आम्हांला ते शहर पाहण्याचा योग आला. रस्त्यांऐवजी कालवे आणि मोटारींऐवजी नावा असलेले हे शहर पाहावे, असे जगातल्या कोणाला वाटत नाही? त्या वाटण्याखालीच ते शहर दबून गेले आहे. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या बेटांवर सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते; २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली उतरली. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत रहिवाशांचा आकडा झळकत असतो. २००८ पासून तो तिथे आहे. आपल्याकडे धरणाच्या पाण्याची पातळी फलकावर लिहितात. तिथे उरलेल्या माणसांची पातळी लिहिली आहे. तो आकडा पाहताना आपण पाहुणे आहोत की पूर, असा संभ्रम पडला.

पुढे त्या नगरपालिकेने उपाय योजला. दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेण्यास २५ एप्रिल २०२४ पासून आरंभ झाला. त्या वर्षी २९ दिवस पाच युरो, २०२५ मध्ये ५४ दिवस आणि आयत्या वेळी येणाऱ्यांस दहा युरो. शहराला दार बसवून तिकीट लावणे आपल्या मनाला रुचत नाही. परंतु ज्यांच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत लोंढा येतो, त्यांनी काय करावे, याचे उत्तर रुचीने मिळत नाही.

गर्दी टाळून ते शहर पाहता येते, हे मात्र खरे. बहुतेक प्रवासी सेंट मार्कच्या चौकापासून रिआल्तो पुलापर्यंतच्या एका पट्ट्यात, तेही सकाळी दहा ते सायंकाळी पाचच्या दरम्यान वावरतात. त्या पट्ट्यातून दोन गल्ल्या बाजूला सरकले की शांतता भेटते. आम्ही पूर्वेकडच्या कास्तेल्लो भागात उतरलो होतो. पहाटे धुक्यात चौक ओलांडताना झाडूवाल्याखेरीज कोणी दिसले नाही. गल्लीच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरीवर धुणे वाळत होते. शाळेत निघालेली मुले पुलावरून धावत होती. कान्नारेजिओतला १५१६ साली वसवलेला ज्यू लोकांचा वाडा, सातव्या शतकातल्या देवळाचे तोर्चेल्लो बेट, भाजीमळ्यांचे सांत एरास्मो बेट, असे जे जे निवांत लाभले, ते चित्रांतल्या व्हेनिसपेक्षा अधिक जवळचे वाटले. आपल्याला खरे शहर दिसले, असा थोडा ताठाही मनात शिरला.

तो ताठा दुसऱ्याच दिवशी उतरला. आम्ही ज्या घरात भाड्याने उतरलो होतो, तिथे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या. एखाद्या मुलाची उंची वर्षानुवर्षे मोजलेली असावी. ते कुटुंब आता तिथे नव्हते. त्याच वर्षी त्या बेटांवरच्या प्रवाशांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येपुढे गेली. म्हणजे चौकातली गर्दी टाळून शांत गल्लीत शिरलेले आम्ही त्या गल्लीची शांतता राखत नव्हतो. ती रिकामी होण्यास हातभार लावत होतो. चौकात थव्याने येऊन सायंकाळी निघून जाणारा प्रवासी निदान कोणाच्या घरात तरी शिरत नाही! गर्दीपासून दूर जाणारा रसिक हा गर्दीचा विरोधक नसतो. पुष्कळदा तो तिचा अग्रदूत असतो. आज तो जिथे एकटा जातो, तिथे उद्या शंभर जण जातात, कारण घरी परतल्यावर तोच कौतुकाने ती जागा सांगतो.

मग अशा प्रवाशाने काय करावे? घरीच बसावे? याचे थोडे उत्तर आम्हांला अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे ताटात मिळाले. आम्ही शाकाहारी. व्हेनिस हे समुद्राचे, म्हणजे मासळीचे शहर. आपली मराठी मंडळी मोठ्या सहलीबरोबर जातात तेव्हा वरण-भात, पोळी-भाजी मिळण्याची सोय असते आणि उतारवयात ती सोय किती मोलाची असते, हे आम्ही जाणतो. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्यासोबतही दशम्यांची शिदोरी होती. परंतु ती उघडावी कुठे? सेंट मार्कच्या चौकात पायऱ्यांवर बसून शिदोरी खाण्यास तिथे मनाई आहे, आणि दंडही होतो. शिदोरी संपली तेव्हा गल्लीतल्या एका छोट्या खानावळीत शिरणे भाग पडले.

शाकाहारी माणसाला परदेशात एक गोष्ट टाळता येत नाही; ती म्हणजे विचारणे. यात काय घातले आहे? रस्सा कशाचा आहे? खानावळीच्या वृद्ध मालकीणबाई प्रथम त्रासल्या, मग त्यांना गंमत वाटली, आणि शेवटी त्यांनी आम्हांला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेले. त्या प्रांतात पांढऱ्या मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवतात. तो थेट आपल्या ज्वारीच्या कण्यांचा आणि गोंडांच्या गटक्याचा भाऊबंद. एके काळी गरिबांचे पोट भरणारा तो पदार्थ आता हौसेने मागवला जातो, जशी शहरांत ज्वारीची भाकरी. त्याबरोबर त्रेविझोची लालजांभळी, किंचित कडू रादिक्यो भाजी निखाऱ्यावर भाजलेली, आणि शिजवलेली घेवड्याची डाळ. वसंतात सांत एरास्मोचे कोवळे जांभळे आर्टिचोक येतात आणि ताज्या मटारांचा भात होतो, असे त्यांनी सांगितले. पण त्या भातात पुष्कळदा डुकराचे मांस घालतात, म्हणून विचारून घ्या, हेही बजावले. पार्मिजानो चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातला अर्क वापरतात, हे आम्हांला तिथेच कळले; बाईंनी किसणी हसत हसत बाजूला ठेवली.

त्या जेवणाने आमच्या प्रश्नाला वळण दिले. चौकात आम्ही गर्दीचा एक कण होतो. शांत गल्लीत आम्ही एक चोरटा प्रेक्षक होतो. त्या खानावळीत मात्र आम्ही पाहुणे झालो. फरक संख्येचा नव्हता. पाहुण्याला विचारावे लागते, थांबावे लागते, ‘नाही’ ऐकावे लागते, मोबदला द्यावा लागतो आणि वेळेवर उठावे लागते. प्रेक्षकाला यातले काहीच करावे लागत नाही. गर्दी म्हणजे पुष्कळ माणसे नव्हेत. कोणालाही काही न विचारता येणारी आणि जाणारी माणसे, ती दोन असोत की दोन हजार, म्हणजे गर्दी.

येथे एक आक्षेप संभवतो. निवांतपणाची ही चर्चा म्हणजे सवड आणि पैसा असलेल्यांचे चोचले नव्हेत काय? ज्या कामकऱ्याला आठवड्यात एकच सुट्टी मिळते, त्याने रविवारी नाही तर केव्हा कुंटाल्याला यावे? आक्षेप खरा आहे. शिवाय आपल्या मराठी मनाचा सर्वांत मोठा प्रवास गर्दीतलाच आहे. आषाढीला लाखो वारकरी पंढरपुरात असतात आणि तिथे कोणी ‘गर्दीपासून दूर’ जाऊ पाहत नाही. गर्दी हीच तिथली पूजा असते. पण त्या गर्दीची शिस्त पाहावी. वारकरी परस्परांच्या पाया पडतात, वाटेवरच्या गावांत मुक्काम करतात, गाव त्यांना जेवू घालते. आणि ज्यांना राउळात जाऊन पदस्पर्श साधत नाही, असे असंख्य जण चंद्रभागेत स्नान करून कळसाचे दर्शन घेतात आणि वारी पोचली असे मानून समाधानाने परततात. कळसदर्शनात फार मोठी नीती दडली आहे. प्रत्येक सुंदर गोष्टीच्या गाभाऱ्यापर्यंत आपले पाऊल पोचलेच पाहिजे असे नाही. दुरून पाहून, दुसऱ्यासाठी जागा सोडून परतणे हेही पोचणेच आहे. आम्ही व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरात गेलो नाही. रांग लांब होती. घुमट पाहिले आणि हात जोडले. तेवढे पुरले.

ही चर्चा आपल्या घरांना अधिक लागू आहे, असे आम्हांला वाटते. आपण जुनी मराठी घराणी या मातीला आपली मानतो आणि ते खोटे नाही. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, २०१४ मध्ये तेलंगण झाले. या साऱ्यांत आपण इथेच राहिलो. परंतु या रानाचे पहिले यजमान गोंड आणि कोलाम होते. रस्ते झाले, कापूस आला, निरनिराळ्या दिशांनी शेतकरी आणि सावकार आले. त्यांत आपलेही पूर्वज होते. जमिनी हातच्या गेल्यावर १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम उभा राहिला आणि मारला गेला, तो निजामाच्या शिपायांच्या गोळ्यांनी. पण त्या असंतोषात आपल्यासारख्या आगंतुकांचा वाटा नव्हता, असे म्हणता येणार नाही. आज हैदराबादेच्या मोटारींकडे पाहून आपण ‘आमच्या कुंटाल्यावर परक्यांची गर्दी’ असे म्हणतो, तेव्हा त्या कणीसवाल्या बाईंच्या आजीने आपल्या आजोबांकडे पाहून काय म्हटले असेल, हे मनात आणून पाहावे.

त्या रविवारनंतर आठ-दहा दिवसांनी, एका बुधवारी, आम्ही पुन्हा कुंटाल्याला गेलो. दोघेच होतो. खाली कोणी नव्हते. पाणी मनसोक्त पाहिले, त्याचा आवाज पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. घसरणीच्या खडकांपासून लांबच राहिलो; तिथे पाय घसरून प्राण गमावलेल्यांची गणती या भागाला नवी नाही. मन निवले. पण चारशे पायऱ्या चढून वर आलो तेव्हा बाईंची जागा रिकामी होती. चूल थंड, राखेवर पावसाचे थेंब पडलेले. गर्दी नाही, तर कणसेही नाहीत. आमच्या निवांतपणाची किंमत कोण मोजते, याचे उत्तर त्या राखेत होते.

आम्ही वाटेतल्या गावात विचारत विचारत त्यांच्या घरी पोचलो. त्या शेतातून नुकत्याच आल्या होत्या. “आज कोणी येत नाही म्हणून बसले नाही,” म्हणाल्या. भूक लागल्याचे सांगताच त्यांनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली आणि चार कणसे भाजून दिली. निघताना पैसे पुढे केले. नको म्हणतील आणि आपल्याला आग्रह करावा लागेल, असे वाटले होते. त्यांनी शांतपणे मोजून घेतले आणि कनवटीला लावले. आम्हांला फार बरे वाटले. “आता रविवारी नका येऊ,” त्या म्हणाल्या, “बुधवारीच या. आधी सांगून या.”