खात्री नाही, पण...

पावसाळा सरता सरता कोरेगाव भागातल्या कृषी सेवा केंद्रांत आल्याची पिवळी पडलेली पानं यायला लागतात. पान काउंटरवर ठेवत माणूस म्हणतो, "कंदकुजीचं औषध द्या." रोग घरीच ठरलेला असतो, बहुधा शेजाऱ्याने बांधावरूनच सांगितलेला. दुकानदार बाटली काढून देतो आणि संध्याकाळी आळवणी होते.

पण आल्याचं पान अनेक कारणांनी पिवळं पडतं. पिथियमने कंद सडत असेल, तर खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत येतात, बुडखा मऊ पडतो, फुटवा ओढला की अलगद हातात येतो. जिवाणूजन्य मर असेल, तर फुटव्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा; थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. शिवाय कंदमाशी असते, सूत्रकृमी असतात, पाणी साचून गुदमरलेली मुळं असतात. बुरशीचं औषध जिवाणूवर सहसा चालत नाही. ते कळेपर्यंत आठवडा जातो आणि वाहत्या पाण्याबरोबर रोग पुढच्या वाफ्यात पोचलेला असतो.

इथे आड येतो तो संकोच. "मला नक्की कळत नाही" म्हटलं तर समोरचा अडाणी समजेल, असं वाटतं. उभी हयात आलं पिकवणाऱ्याला तर ते फारच जड जातं, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. पण आपणच रोगाचं नाव पक्कं करून गेलो, की जाणकाराला तपासायला काही उरत नाही. डॉक्टरपुढे, वकिलापुढेही आपलं हेच होतं.

त्यापेक्षा असं बोलून पाहावं : "कंदकूज वाटतेय, पण खात्री नाही. सखल भागातल्या वाफ्यांत जास्त आहे. आठवड्यापूर्वी एक आळवणी केली. औषधाचं नाव ध्यानात नाही, रिकामी बाटली आणलीय." डोळ्यांनी पाहिलेलं, अंदाजाने ठरवलेलं आणि अजिबात ठाऊक नसलेलं, तिन्ही त्यात वेगळं झालेलं असतं. आधी काहीतरी टाकून बसलोय, हे सांगायला सगळ्यात अवघड. पण पुढचं औषध ठरवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

असं ऐकल्यावर दुकानदारावरचंही ओझं उतरतं. काउंटरमागून सगळं कळतं असं दाखवण्याची गरज त्यालाही उरत नाही. मग तोही सरळ म्हणू शकतो, "दादा, नुसत्या पानावरून मलाही सांगता यायचं नाही. अख्खा गड्डा मुळा-मातीसकट उपटून आणा. नाहीतर बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, आणि तोवर त्या वाफ्याचं पाणी बंद ठेवा."