परार्थ पाक आणि अहिंसेचे व्रत

अहिंसा हा परमार्गाचा पाया होय. ज्याने उपदेश घेतला त्याच्या मुखी मद्य-मांस जाऊ नये, ही गोष्ट पंथात लहान मुलासही ठाऊक असते. तिच्याविषयी शंका निघत नाही. शंका निघते ती तिच्या पुढच्या पायरीवर. जे आपण खात नाही ते आपल्या हाताने रांधून दुसऱ्यास वाढावे काय? आणि तो दुसरा परका नसून आपला पती, आपला पुत्र, आपली अंथरुणास खिळलेली सासू असेल तर काय करावे? हा प्रश्न पोथी उघडून बसलेल्या पंडिताचा नव्हे, चुलीपुढे बसलेल्या वासनिक स्त्रीचा आहे. तथापि म्हणून तो हलका ठरत नाही. महदाइसेसारख्या स्त्रीने प्रश्न विचारीत राहावे आणि सर्वज्ञांनी तिचे समाधान करीत राहावे, ही या पंथाची आरंभापासूनची रीत आहे.

शंकेचे स्वरूप

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवळी हे तालुक्याचे गाव लागते. भोवतीचा मुलूख कपाशीचा. अशा गावी एक घर कल्पावे. घरातील सुनेने उपदेश घेतला आहे. पती, दोन मुलगे आणि सासू यांनी घेतलेला नाही. वर्षातील बहुतेक दिवस सर्वांचे ताट एकच असते, वरण-भाकरीचे. परंतु धुळवड येते, पोळ्याची कर येते, आणि पती सकाळीच पिशवीत मटण घेऊन दारात उभा राहतो. सून काही बोलत नाही. वेगळा गंज काढते, मसाला वाटते, रस्सा शिजवते. मीठ बरोबर पडले की नाही हे तिला चाखून पाहता येत नाही, धाकट्या मुलाच्या हातावर थेंब टाकून ती विचारते, "कमी आहे का रे?" सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी घासते, पुन्हा स्नान करते आणि मग नामस्मरणास बसते. नाम मुखी येते, परंतु मन त्या गंजापाशी अडते. आपण व्रत पाळले की मोडले, हे तिला उमगत नाही.

ही कल्पना असली तरी कल्पित नव्हे. ज्या घरात एकाने उपदेश घेतला आणि इतरांनी घेतला नाही, त्या प्रत्येक घरात हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतो. पंथाबाहेर पाहिले तरी माळ घातलेल्या वारकरी स्त्रीच्या घरी, किंवा शाकाहारी कुळातून मांसाहारी कुळात दिलेल्या मुलीच्या घरी, हाच पेच आहे.

पूर्वपक्ष

एक पक्ष असा की, यात दोष नाही. पशू मारला खाटकाने, विकत आणला पतीने, खाल्ला मुलांनी. सुनेने केवळ शिजवले. जिव्हेला स्पर्श नाही, मनात इच्छा नाही. तेव्हा कर्माचा लेप तिला कसा लागावा? शिवाय पती-पुत्रांची सेवा हे गृहस्थाश्रमाचे कर्तव्यच होय.

या पक्षाच्या आधारास महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा सांगतात. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो व्याध स्वतः पशू मारीत नसे आणि मांस खातही नसे. दुसऱ्यांनी मारलेल्या पशूंचे मांस तो विकी आणि घरी वृद्ध आईबापांची एकनिष्ठ सेवा करी. तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकण्यासाठी त्याच्याच दारी यावे लागले. मांसाचा विक्रेता धर्मज्ञ ठरतो, तर घरच्यांसाठी रांधणारी सून दोषी कशी?

उत्तरपक्ष

दुसरा पक्ष म्हणतो की, हिंसा एका हाताने होत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातक कोण हे सांगताना आठ जण मोजले आहेत: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. पंथ स्मृतींना आपले शास्त्र मानीत नाही. परंतु या मोजणीतील निरीक्षण दुर्लक्षून चालत नाही, कारण शिजवणारा आणि वाढणारा हे दोघेही तीत आले आहेत. जैन आचारात हीच गोष्ट कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन प्रकारांनी सांगतात: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, आणि दुसऱ्याने केले असता बरे मानलेले. पातंजल योगसूत्रातही हिंसेचे हेच तीन प्रकार येतात. बौद्ध विनयात भिक्षूला भिक्षेतील मांस घेण्याची सवलत दिसते. परंतु तो पशू आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेली नसावी, अशी अट तीत आहे. ही सवलतही पात्रात पडेल ते घेणाऱ्याची आहे, चुलीवर शिजवणाऱ्याची नव्हे.

"पशू तर आधीच मेला होता," हे बोलणेही टिकत नाही. धुळवडीला दुकानापुढे रांग लागणार हे जाणूनच खाटीक पहाटे बोकड कापतो. त्या रांगेतील प्रत्येक पिशवी कोणत्या तरी चुलीकडे जाणार असते. चूल तयार आहे म्हणून पिशवी भरते.

आणि धर्मव्याधाची कथा नीट वाचली असता ती पूर्वपक्षाला पुरी पडत नाही. आपले कर्म निर्दोष आहे, असे तो व्याध कोठेही म्हणत नाही. ते घोर आहे, पूर्वकर्माने ते आपल्या वाट्याला आले आहे, असे तो उघड सांगतो. त्याचे मोठेपण दोष नाकारण्यात नसून, दोष ओळखून गर्वरहित राहण्यात आहे.

तेव्हा परार्थ रांधण्यात दोष नाही, हे म्हणणे सोडावेच लागते. आता विचार उरतो तो हा की, तो दोष कोणाचा आणि किती.

परतंत्राची संमती

येथे देवळीच्या शेजारचाच एक दाखला उपयोगी पडतो. वर्ध्याजवळील सेवाग्रामास १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य होते. त्यांच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत याच प्रश्नाची उलटी बाजू आली आहे. मुंबईस असताना त्यांचा मुलगा मणिलाल, वय सुमारे दहा वर्षे, विषमज्वराने आजारी पडला. त्यातच न्यूमोनिया झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधीजींनी ते दिले नाही आणि पाण्याच्या उपचारांवर भिस्त ठेवली. मुलगा पुढे बरा झाला. त्यांनी मुलाला विचारले होते व मुलाने वडिलांच्या मताला रुकार दिला होता. परंतु गांधीजींनी प्रामाणिकपणे हेही नोंदविले आहे की, आपण ते अन्न दिले असते तर मुलाने तेही घेतले असते. दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील. शस्त्रक्रियेनंतर कस्तुरबा अत्यंत क्षीण झाल्या असता डॉक्टरांनी मांसाच्या सुपाचा आग्रह धरला. तेथे कस्तुरबांनी स्वतःच ठाम नकार दिला.

या दोन प्रसंगांत मोठे अंतर आहे. कस्तुरबांचा नकार त्यांचा स्वतःचा होता. मुलाचा रुकार मात्र आश्रिताचा होता. ज्याच्या हाती आपले सर्वस्व आहे, त्याच्या मनाप्रमाणे दिलेला होता. आश्रिताची संमती ही पुरती संमती नसते.

हीच कसोटी चुलीपुढील सुनेला लावून पाहावी. ती मटण रांधते याचा अर्थ तिने हिंसेला अनुमोदन दिले, असा करता येईल काय? तिने नाही म्हटले तर घरात कलह होतो. कोठे अबोला, कोठे शिवीगाळ, कोठे हात उगारणे, आणि शेवटी "तुझा पंथ आमच्या घरात नको" असे शब्द. उपदेशच सुटेल या भयाने ती पळी हाती धरते. तिचे हात रांधतात, मन रांधीत नाही. जैनांनी सांगितलेले तीन प्रकार येथे उपयोगी पडतात: कृत तिच्याकडे आहे, कारित पतीकडे आहे, आणि अनुमोदन तिच्या मनात नाही. म्हणून दोषाचा मोठा वाटा करविणाराकडे जातो. जो खातो त्याने आपल्या खाण्याचा भार आपणच वाहावा. ज्याला ते नको आहे तिच्या हातून ते करवून घेऊ नये, इतके तरी न्यायाचे आहे.

परंतु आपल्या समाजात काय दिसते? प्रश्न सुनेला विचारला जातो. "उपदेश घेतला आणि घरी हे शिजवतेस?" असे तिला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो. पतीला कोणी म्हणत नाही की, बाबा, तुझ्या जिभेसाठी तिचे व्रत का मोडतोस? खरे पाहता अनेक घरांत मटण शिजवण्याचे काम पुरुष हौसेने करतात. अंगणात तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवतात, वेगळी भांडी ठेवतात. ज्यांना मित्रमंडळींसाठी शेतात हे करता येते, त्यांना घरातील उपदेशी स्त्रीसाठी करता येऊ नये, याला कारण सांगता येत नाही.

शरणागताची लीळा

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास मरण द्यावयाचे काय, असे म्हणून स्वामींनी तो दिला नाही. या लीळेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, स्वामींनी सशाच्या बाबतीत तडजोड केली नाही. दुसरी ही की, त्यांनी पारध्यांनाही शब्दानेच समजावले. सशाचा जीव जसा जीव आहे, तसा पारध्याचाही जीवच आहे.

या दोन्ही गोष्टी वासनिकाने घरात आणावयाच्या आहेत. पशूच्या जीवाविषयी मन बोथट होऊ देऊ नये. "आता सवय झाली" असे ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी व्रत खरे मोडले. आणि खाणाऱ्या आप्तांविषयीही मनात विकल्प येऊ देऊ नये. मांस खाणाऱ्या सासूकडे नाक मुरडून पाहणारी, तिच्या ताटाला घाणीसारखे दूर सारणारी सून तोंडाने शाकाहारी असते. परंतु तिच्या वागण्याने एक म्हातारा जीव रोज दुखावला जातो.

रुग्णाचा प्रसंग

सर्वांत कठीण प्रसंग रुग्णाचा. सासू अंथरुणास खिळली आहे. अन्नावरची वासना उडाली आहे. एके दिवशी ती म्हणते, "थोडी अळणी करून दे." घरात दुसरे कोणी नाही; मुलगा कामाला परगावी. सुनेने काय करावे?

प्रथम वैद्याला विचारावे. दूध, डाळीचे पाणी, भाताची पेज यांनी काम भागत असेल तर तेच मायेने भरवावे. मुलगा येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे, आणि ते काम त्याच्याकडे सोपवावे. आईसाठी मुलाने चूल पेटविणे हे कमीपणाचे नव्हे. परंतु यांपैकी काहीच शक्य नसेल, म्हातारीच्या पोटात दुसरे काही ठरत नसेल आणि तिला उपाशी ठेवून व्रत राखणे एवढाच मार्ग उरला असेल, तर? तेव्हा जी सून डोळ्यांत पाणी आणून ते रांधते, तिच्यावर दगड टाकण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र तिनेही त्या कृत्यास पुण्य म्हणू नये. एका जीवासाठी दुसऱ्या जीवाचे देणे आपल्या माथी आले, हे मनात ठेवावे. ज्येष्ठांपाशी ते मोकळेपणाने सांगावे, अनुशोचन करावे. दोष झाकण्याने वाढतो, सांगण्याने क्षीण होतो.

आचार

यावरून आचारासाठी काही गोष्टी निघतात. उपदेशी व्यक्तीने मांस विकत आणू नये, आणण्यास सांगू नये, आणि पाहुणचार म्हणून आपण होऊन कोणासाठी रांधू नये. कारण तेथे कोणाची सक्ती नसते आणि अनुमोदन आपलेच असते. घरच्यांच्या आवडीसाठी रांधण्याची वेळ आली तर शांतपणे, एकदा तरी, स्पष्ट शब्दांत सांगावे की, हे माझ्या हातून करवून घेऊ नका. न बोलता सोसणे हा गुण खरा, परंतु न बोलल्यामुळे पुष्कळदा पतीला तिच्या मनातील वेदना कळतच नाही. सांगूनही ऐकले गेले नाही, तर तिने व्रत सोडू नये आणि घरही मोडू नये. अनुशोचनाने मन जागे ठेवावे.

महंत आणि साधक यांच्याकडेही एक काम येते. चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, हा पंथाचा दंडक आहे. ज्या घरी काल मटण शिजले, त्याच घरची भाकर आज झोळीत पडते. ती देणारी स्त्री भिक्षेला योग्य आहे, तर बोधालाही योग्य आहे. तिला दारात उभी करून जाब विचारण्यापेक्षा, ओसरीवर बसलेल्या तिच्या पतीशी साधकाने दोन शब्द बोलावेत. त्याने मांस सोडावे हा आग्रह तेथे नको. ती ज्याची त्याची वाट आहे. त्याला एवढेच सांगावे की, धुळवडीला गंज तू चढव, पळी तू धर, आणि त्या दिवशी तिला तिचे नाम घेऊ दे. इतके ज्याने केले, त्याने मांस सोडले नसले तरी एका जीवाला दुखविणे सोडले. अहिंसेची पहिली पायरी तो चढला. पुढची पायरी त्याला तीच दाखवील.

सुज्ञांस अधिक सांगणे नलगे.