डाग

मोटारसायकलीचा क्लच दाबला, तर लोण्यात बोट घातल्यासारखा आत गेला. गिअर पडेना. आमच्या गाडीला क्लचची केबल नाही. नळीतलं ब्रेक ऑइल, डब्यावर ‘डॉट ४’ लिहिलेलं, तिचं काम करतं. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. म्हणजे नळीत हवा शिरली होती.

चिरंजीव लिव्हर दाबून धरी, मी खालचा स्क्रू किंचित सैल करी, बुडबुडा निघाला की आवळी. मग तो लिव्हर सोडी. तासाभराने क्लच ताठ झाला आणि आनंदाच्या भरात माझ्याच पायाने डबा कलंडला. शेजारच्या नानांच्या नव्या स्कूटरवर शिंतोडे! हे तेल रंग खातं. धावत पाणी ओतलं, पुसलं. तरी वाटाण्याएवढा डाग उरलाच.

“बाबा, नानांना मोतीबिंदू आहे. दिसणारसुद्धा नाही.”

न दिसणारं नुकसान हे नुकसान असतं का? प्रश्न गहन होता, आणि उत्तर मला सोयीचं हवं होतं. पण ‘क्लच अगदी नवा आहे हो’ म्हणून ही गाडी आमच्या गळ्यात मारणाऱ्याला सकाळपासून मी शिव्या घालत होतो, त्याही चिरंजीवांच्या देखत.

जिना चढलो. बेल वाजवली.

“नाना, जरा खाली येता? आणि हो, येताना चष्मा आणा.”