ताप आला नव्हता

आजचं वचन: नीतिसूत्रे ३०:७-९



रविवारी इथे गव्हाणमध्ये एका मित्राच्या नव्या फ्लॅटची समर्पण-प्रार्थना होती. मी गेलो नाही. "अंगात ताप आहे रे," असा मेसेज टाकला. ताप कसला! २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आता विमानतळही आला. भाव ऐकूनच धडकी भरते. आम्ही अजून भाड्याच्या घरात आणि त्याच्या हातात चावी, हे टोचत होतं.

रात्री पवित्र शास्त्र उघडलं, तर समोर आगूर. याकेचा मुलगा, यापलीकडे त्याची फारशी ओळख नाही. सुरुवातीलाच तो कबूल करतो की माझ्याइतका अडाणी कोणी नाही. शहाणपणाच्या पुस्तकात असं बोलणारा माणूस! मग तो देवाकडे दोनच गोष्टी मागतो. मला वाटायचं, दोन्ही पैशाबद्दल आहेत. नाहीत. पहिली मागणी आहे, लबाडी माझ्यापासून दूर ठेव. तो मेसेज डोळ्यांसमोर आला आणि मी तिथेच थांबलो.

मग दुसरी मागणी: दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. का? पोट जास्त भरलं तर मी देवाला विसरेन, आणि उपाशी राहिलो तर चोरी करेन. आगूरचा स्वतःवर भरवसाच नाही! मी मात्र प्रार्थनेत सांगतो, "प्रभू, फ्लॅट दे, मग बघ घरी कशी प्रार्थनासभा घेतो." जणू मला सगळं झेपणारच आहे.

समाधान म्हणजे गप्प सोसणं, असं मात्र समजू नका हं. शेजारच्या जासई परिसरात १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभे राहिले, पाच जण हुतात्मा झाले. आगूरनेही दारिद्र्य नको म्हटलंच होतं. माझी तक्रार तसली नव्हती. माझं काहीच कोणी हिसकावलं नव्हतं. दुसऱ्याला मिळालं, एवढंच.

सकाळी मित्राला फोन करून खरं सांगितलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "शनिवारी जेवायला ये. आणि माझा हप्ता किती आहे तेही ऐकून जा."

प्रभू, आजची भाकर आज दे. शनिवारी त्याच्या दारात उभा राहीन तेव्हा माझा आनंद खरा असू दे. येशूच्या नावाने, आमेन.