प्रभार यादी

विरारच्या मनवेलपाड्यात रूम बघायला आलेल्या माणसाला एजंट आधी पाण्याची वेळ सांगतो, मग स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचं भाडं, आणि सगळ्यात शेवटी कागद काढतो. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, नोटरीचा शिक्का मारलेला करारनामा, क्वचित जुन्या ग्रामपंचायतीचा घराचा उतारा. चळत जाड असते. त्यातला एकही कागद खोटा असेलच असं नाही. पण घर अधिकृत आहे की नाही, याचं उत्तर त्या चळतीत कुठेच नसतं.

घरपट्टीची पावती हा घराच्या कायदेशीरपणाचा पुरावा, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. महानगरपालिका कायद्याचं २६७ अ हे कलम वाचलं की ती गळून पडते. बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराशिवाय शास्ती लावण्याची तरतूद या कलमात आहे, आणि लगोलग खुलासाही आहे की कर आणि शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. म्हणजे सरकार पैसे घेतं, पावती देतं आणि कायद्यातच हात झटकूनही मोकळं होतं. रूम घेणारा पावती पाहतो. कलम वाचायला त्याला कोण सांगणार?

हा घोळ एका रात्रीत झाला नाही. मनवेल हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांत ऐकू येणारं, आणि पाडा म्हणजे उत्तर कोकणातली लहानशी वस्ती. आज विरार पूर्वेचा हा भाग पुरता शहर आहे, नाव तेवढं पाड्याचं राहिलं. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती जमीन आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरली होती. विकास आराखडा मंजूर झाला तो फेब्रुवारी २००७ मध्ये. ३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली.

या ५३ ग्रामपंचायतींपाशी थोडं थांबायला हवं. ग्रामपंचायत असेपर्यंत गावावर निदान कागदोपत्री तरी एक नजर असते. लेखापरीक्षण होतं, आक्षेप निघतात आणि विधिमंडळाची पंचायतराज समिती जिल्हा परिषदेपासून खालपर्यंत सगळ्यांना त्याचा जाब विचारू शकते. समिती येणार म्हटल्यावर जिल्हा परिषदेत काय धावपळ उडते ते जवळून पाहिलेले लोक मिटक्या मारत सांगतात. प्रश्नावलीची उत्तरं रात्र रात्र टाइप होतात, शाळेच्या स्वच्छतागृहाला रंग लागतो, वर्षानुवर्षं न सापडलेली नोंदवही कपाटातून आपसूक बाहेर येते. यातला दिखाऊपणा वगळला तरी एक गोष्ट खरी उरते. कुणीतरी विचारायला येणार आहे या धाकाने दप्तर जागेवर येतं.

गाव महापालिकेत गेलं की हा धाक संपतो. पंचायतराज समितीच्या कक्षेत महापालिका येत नाही. लोकलेखा समितीसमोर महालेखापरीक्षकांच्या अहवालातले परिच्छेद येतात, गावचं दप्तर येत नाही. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप करून मालमत्तापत्रक देणारी स्वामित्व योजना पुण्याजवळच्या सोनोरीतल्या प्रयोगातून पुढे देशभर गेली, पण तीही ग्रामीण गावठाणांपुरतीच. गाव कागदावर शहर झालं की ते त्या योजनेतूनही बाहेर.

मग दोन वह्यांचं जुनं भांडण शहराच्या गळ्यात पडतं. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, म्हणजे महसूल खात्याकडे. घराची नोंद ग्रामसेवकाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या माणसाकडे. एक जमीन ओळखतो, दुसरा तिच्यावरचं घर. सातबाऱ्यावर भातशेती आणि घरांच्या नोंदवहीत चाळीतल्या खोल्या, असं असलं तरी दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक ठरतात. दिल्लीत ग्रामीण विकास आणि पंचायतराज यांच्यासाठी संसदेची एकच स्थायी समिती आहे, भूमिसंसाधन विभागही तिच्याचपुढे येतो. म्हणजे जमीन आणि पंचायत एका टेबलावर येतात त्या संसदेत, गावात नाहीत. पण जमीन हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे ही समिती केंद्राच्या पैशाचा हिशेब मागू शकते, विरारच्या फेरफाराचा नाही.

याची किंमत किती, ते अलीकडे दिसलं. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबं बेघर झाली. २०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीस विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं गेली. दोन्हीकडे राहणाऱ्यांकडे कागद होते. महापालिकेची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली होती, २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होता. म्हणजे दोन्ही वेळा प्रश्न विचारणारी महापालिकेची स्थायी समिती नव्हती, नगरसेवकही नव्हते. न्यायालयाने काम केलं, पण न्यायालय वाद उभा राहिल्यावर बघतं. कितीतरी वर्षं आधी पायाचा खड्डा खणला जात होता तेव्हा तिथे जायला हवं होतं ते एखाद्या समितीने.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मुंबईत बसणाऱ्या आमदारांनी स्थानिक संस्थेच्या वह्या चाळायच्या असतील तर स्वराज्य कसलं? गावाचं गावाला पाहू द्या. या युक्तिवादाचा इतिहास गमतीदार आहे. १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा तिच्या अहवालासोबत चार्ल्स मेटकाफचं टिपण छापलं गेलं. हिंदुस्थानातली गावं म्हणजे छोटी प्रजासत्ताकं आणि राजवटी आल्या-गेल्या तरी ती टिकून राहतात, असं तो म्हणत होता. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावरच्या अहवालात दख्खनच्या गावांविषयी जवळपास हाच सूर लावला होता. पुढे आपणही तो उचलला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचाच दाखला घेऊन या गौरवाला सुरुंग लावला. गाव टिकलं हा त्याचा गुण कसा, आणि टिकलं ते कोणत्या पातळीवर, असा त्यांचा रोख होता. गावावर बाहेरून कुणाचीच नजर नसेल तर गाव स्वायत्त होत नाही, ते गावातल्या बळकटाच्या हाती जातं. वसईच्या गुरचरणीवर आणि खाजणावर कुणाचा डोळा होता, हे वसईकराला वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप समित्यांच्या लायकीबद्दलचा. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना सरकारी विश्रामगृहातल्या एका खोलीतून १ कोटी ८४ लाखांची रोकड निघाली. पैसे कोणाचे, कशासाठी, हा तपासाचा भाग. पण दौऱ्यावरची समिती म्हटल्यावर सरकारी नोकराच्या चेहऱ्यावर उमटणारं हसू महाराष्ट्राला अनोळखी नाही. बंद दाराआड बसणाऱ्या समितीलाही कुणीतरी तपासायला हवं, हे मान्यच. पण तराजू खोटा निघाला म्हणून वजन करणंच सोडायचं नसतं. त्यावर उपाय एकच, समितीचं काम दिसेल असं करणं. संसदेच्या स्थायी समित्यांनी याची एक शिस्त घालून घेतली आहे. शिफारशींवर सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, आणि मग समिती पुन्हा अहवाल काढून कोणती शिफारस मान्य झाली, कोणती सोडून दिली, कोणत्या उत्तराने समाधान झालं नाही आणि कोणतं उत्तर अजून अर्धवट आहे, याची प्रकरणवार विभागणी छापते. वाचायला रूक्ष, पण समितीचं खरं बळ या रूक्षपणात आहे. एकदा प्रश्न विचारणं कुणालाही जमतं. परत येऊन तोच प्रश्न विचारण्याला सरकार घाबरतं.

मला सुचतं ते अगदी साधं आहे आणि ते आपल्याच कचेऱ्यांतलं आहे. तलाठ्याची बदली झाली की तो नुसता उठून जात नाही. प्रभार यादी करतो. किती नोंदवह्या, किती नकाशे, किती फेरफार प्रलंबित, सगळं लिहून देणारा आणि घेणारा दोघं सह्या करतात. एका कर्मचाऱ्याच्या बदलीला जी शिस्त, ती आख्ख्या गावाच्या बदलीला का नसावी? ग्रामपंचायत महापालिकेत जाण्याआधी गावठाणाची हद्द, गुरचरण, तळी, दिलेल्या परवानग्या, घरांची नोंदवही आणि सातबाऱ्याशी तिची तफावत, एवढ्याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. तिच्यावर दोन्ही संस्थांच्या सह्या व्हाव्यात. ती पंचायतराज समितीसमोर जावी. आणि तीन वर्षांनी समितीने येऊन त्या यादीतल्या जागा पायी फिरून पाहाव्यात, गाव तेव्हा शहर झालेलं असलं तरी.

वसईतल्या २९ गावांचा प्रश्न २०११ पासून हेच सांगतो आहे. ती महापालिकेतून वगळायचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला, २०२४ मध्ये सरकारने तो मागे घेतला. गावं आत की बाहेर यावर आंदोलनं झाली, निवडणुका लढल्या गेल्या. आत जाताना किंवा बाहेर येताना गावाच्या हातात काय होतं, याची यादी मात्र त्या भांडणात कुणी मागितली नाही.

ती यादी असती तर मनवेलपाड्यातल्या एजंटच्या चळतीत एक कागद वाढला असता. रूम बघायला आलेल्या माणसाने तोच आधी मागितला असता, आणि कदाचित पाण्याची वेळ विचारण्याआधीच पायऱ्या उतरला असता.